दारापेक्षा मोठे कपाट

मित्रांनो, मी कपाट आहे. सागवानाचे, दोन दारांचे, अंगाने चांगले ऐसपैस. ज्या खोलीत जन्मले त्या खोलीच्या बाहेरचे जग मी आजवर पाहिलेले नाही. माणसे येतात, राहतात, सामान बांधून निघून जातात. मी तिथेच असते, कारण मी दारातून मावत नाही.

हसू नका हं. चूक माझी नव्हती.

मला घडवणारा सुतार तेव्हा नवखा होता. हात गुणी, पण स्वभाव भोळा. घरमालकीणबाईंनी त्याला सांगितले, "मधल्या खोलीत चांगलं दणदणीत कपाट कर, पिढ्यान्‌पिढ्या टिकेल असं." त्याने भिंत मापली. खात्री व्हावी म्हणून पुन्हा मापली. दार मापायचे मात्र त्याच्या डोक्यातच आले नाही, कारण फळ्या एकेक करून आत आल्या होत्या आणि त्यांना दाराने कधी अडवले नव्हते. त्याने खोलीतच रंधा मारला, खोलीतच सांधे बसवले. भुशाच्या उबदार वासात, खिडकीतून येणाऱ्या उन्हात मी हळूहळू उभे राहिले. लाकूड असताना मला नाव नव्हते. उभे राहिले आणि कपाट झाले.

काम संपल्यावर बाईंचे यजमान मला बघायला आले. म्हणाले, "झकास! आता जरा पुढच्या खोलीत नेऊन बघू. तिथे जास्त शोभेल."

मला उचलले, आडवे केले, तिरपे केले. दाराशी माझे डोके अडले ते अडलेच.

"मिस्त्री, हे बाहेर कसं काढायचं?"

सुताराने घाम पुसला आणि गंभीरपणे म्हणाला, "काढायचं कशाला? आता चोर आला तरी हात हलवत परत जाईल. तुमचं भलंच केलंय मी."

मालकीणबाई इतक्या हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. त्या दिवशीच ठरून गेले: कपाट घराचे. जो भाडेकरू येईल त्याने वापरावे आणि जाताना पुसून जावे.

कितीतरी जणांचे कपडे मी सांभाळले. पण मित्रांनो, खरे सांगायचे तर मला आपले वाटले ते बसच्या ड्रायव्हरचे कुटुंब. गल्ली त्यांना दादा म्हणायची. त्यांच्या पत्नी गावच्या बेकरीत कामाला होत्या. त्या सगळ्यांच्या ताई. त्या रोज सकाळी कामाला लागण्याआधी क्षणभर डोळे मिटून उभ्या राहत आणि मग हातातल्या फडक्याने माझी दोन्ही दारे पुसत. एवढा नेम त्यांनी आजारपणातही चुकवला नाही. मला वाटे, आपला दिवस त्यांच्या हातून उजाडतो.

गावातून शहराकडे जाणारी पहिली गाडी दादांची. ती मुक्कामाची गाडी होती, म्हणजे रात्री गावातच उभी असे, कारण तिचा ड्रायव्हर गावातच राहत होता. पहाटे दादा माझ्यातून इस्त्रीचा शर्ट काढत, आणि थोड्या वेळाने लांबवर गाडीचा घरघराट ऐकू येई. त्या आवाजाने गल्ली कूस बदले.

त्यांची मुलगी याच घरात जन्मली. चिवचिव करायची म्हणून तिला चिमणी म्हणत. माझा खालचा कप्पा मोठा आहे, त्यात एक मूल सहज मांडी घालून बसते. चिमणी आत शिरे, दार ओढून घेई, आणि मग मी कपाट राहत नसे. मी गाडी होत असे. "चला, चला, पुढे सरका! मागे जागा आहे!" ती लोकरीच्या शालींना आणि उशीच्या अभ्र्यांना दटावायची. दारांच्या फटीतून उन्हाची एक बारीक रेघ आत येई आणि तिला ती म्हणे रस्ता. त्या रस्त्याने आम्ही कुठे कुठे गेलो! निळ्या डोंगरांतून गेलो, धुक्यातल्या पुलांवरून गेलो. एकदा तर ढगांतून गेलो आणि तिथे एका म्हाताऱ्या चंद्राला तिने अर्ध्या तिकिटात बसवून घेतले. डुलकी लागली की ती माझ्या भिंतीला डोके टेकायची. तिचा श्वास आणि माझा लाकडी अंधार एक व्हायचा. झाड असताना माझ्या फांदीवर एखादे पाखरू झोपत असेल, तेव्हा असेच वाटत असेल का? मला आठवत नाही. पण असेच असावे.

मग शहरातल्या कचेऱ्यांनी आपल्या माणसांना सांगितले, की घरी बसूनच काम करा. माणसांनी घरी बसून काम केले आणि हळूहळू त्यांच्या लक्षात आले, की काम जर टेबलावर आहे, तर टेबल कुठेही मांडता येईल. जिथे खिडकीतून झाडे दिसतात, जिथे हवा चांगली आहे, तिथे मांडता येईल. अशी ती आमच्या गावात आली.

सुरुवातीला गावाला भारी कौतुक वाटले. बेकरीतले पाव दुपारीच संपू लागले. बंद पडलेल्या घरांना रंग लागले. पण मग बंद घरे संपली आणि उघडी घरे मागितली जाऊ लागली. शहराच्या मानाने इथले भाडे त्यांना अगदीच किरकोळ वाटे. ते आनंदाने जे देऊ करत, ते गावातल्या पगारात बसत नसे. आमच्या गल्लीतून आधी गवंडी गेला, मग शाळेतला शिपाई गेला. ताई घरी येऊन सांगत आणि मी ऐकत असे.

एके दुपारी मालकीणबाई आल्या. आता त्या थकल्या होत्या. यजमान राहिले नव्हते, गुडघे धरले होते, आणि घराचे छप्पर गळत होते. पलंगाच्या कडेला बसून त्या बराच वेळ पदराचे टोक दुमडत राहिल्या.

"चहा टाकते, बाई."

"नको गं. बस तू. तुझ्याशीच बोलायचंय."

"भाडं वाढवायचंय का? मोकळेपणानं सांगा ना."

"तुम्हाला झेपेल तेवढं वाढवून माझं भागायचं नाही, ताई. शहरातलं एक जोडपं अख्खं घर मागतंय. छप्पर करायचंय मला. गुडघ्यांचं करायचंय. मुलगा म्हणतो, आई, मायेनं कौलं शेकारून होत नाहीत."

ताई माझ्या दाराशी उभ्या होत्या. त्यांचा हात माझ्या कडीवर होता. तो हात मला थंड लागला.

"चिमणीची शाळा आहे इथे," त्या इतकेच म्हणाल्या.

"मला का माहीत नाही?" बाई म्हणाल्या आणि रडू लागल्या. मग ताईंनीच त्यांना पाणी दिले.

दादा आणि ताई घर शोधत गावभर हिंडले. जिथे जावे तिथे घर आधीच फोनवरून कुणीतरी ठरवलेले. शेवटी ताईंच्या भावाने लांबच्या गावी आपली पुढची खोली देऊ केली. निघायच्या दिवशी ताईंनी मला आतून-बाहेरून पुसले, कोपऱ्यासकट. सामान टेम्पोत चढले, पण चिमणी सापडेना. दादांनी माझे दार उघडले. ती खालच्या कप्प्यात गुडघ्यांत तोंड घालून बसली होती. दादा खाली वाकले, त्यांनी घसा साफ केला आणि कंडक्टरच्या आवाजात म्हणाले, "शेवटचा थांबा. सगळ्यांनी उतरून घ्या."

ती उतरली. मी रिकामे झाले.

मग छप्पर झाले, भिंतींना पांढरा रंग लागला, आणि नवे जोडपे आले. माणसे चांगली होती, मित्रांनो, हे मी मुद्दाम सांगते. हळू बोलत, झाडांना पाणी घालत. गल्लीने त्यांना नाव ठेवले लॅपटॉपवाले. त्याने पुढच्या खोलीत टेबल मांडले. तिला मात्र अडचण आली. रिकाम्या खोल्यांत आवाज घुमायचा आणि फोनवर पलीकडची माणसे म्हणायची, "विहिरीतून बोलताय का?" एक दिवस कंटाळून ती उशी घेऊन माझ्या खालच्या कप्प्यात शिरली आणि दार ओढून घेतले. आवाज कसा मऊ आला! तेव्हापासून तिची सगळी महत्त्वाची बोलणी माझ्या पोटात होऊ लागली. बोलणे संपले की ती लगेच बाहेर येत नसे. अंधारात डोळे मिटून बसे. तिलाही त्या उन्हाच्या रेघेकडे बघत राहायची सवय लागली. मला ती आवडू लागली होती.

पण एकदा ती मैत्रिणीला म्हणाली, "अगं, ओस पडलं होतं हे घर. कुलूप, जळमटं! आम्ही आलो म्हणून वाचलं बिचारं."

ते कुलूप मोजके दिवसच होते, रंगापुरते. मी कुरकुरले. तिला वाटले, बिजागरीला तेल हवे. तिने तेल घातले.

इकडे ताईंची बेकरी सुटली नव्हती आणि चिमणीची शाळाही. दादा अंधारातच मोटारसायकलवर निघून गाडी काढायला येत. मायलेकी मागून दुसऱ्या गाडीने येत आणि शाळा सुटल्यावर चिमणी बेकरीत मैद्याच्या पोत्यांवर बसून राही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मला एवढेच ठाऊक, की एका दुपारी मागच्या दाराची कडी ओळखीच्या हाताने सरकली. ती कडी बाहेरून कशी सरकवायची हे एकाच व्यक्तीला माहीत होते. छोटी पावले मधल्या खोलीत आली. दप्तर खाली पडले. माझे दार उघडले, आणि तापाने गरम झालेले एक अंग माझ्या खालच्या कप्प्यात उशीवर मुटकुळे करून झोपी गेले. पोर तापात होती. शाळेतून निघाली तेव्हा तिच्या पायांना जी वाट पाठ होती, त्या वाटेने पाय तिला घेऊन आले. आपण इथे राहत नाही हे त्या पायांना कुणी सांगितलेच नव्हते.

थोड्या वेळाने ती शहरातली बाई कानाला फोन लावून आली. "हो सर, एक मिनिट, मी माझ्या जागेवर बसते," असे म्हणत तिने दार उघडले आणि किंचाळली.

"काय झालं?" पलीकडून आवाज आला.

"सर... माझ्या कपाटात मूल आहे."

"काय आहे?"

"मूल, सर. झोपलेलं. मी नंतर फोन करते."

चिमणीने डोळे उघडले.

"तू कोण गं?"

"मी इथली."

"इथली म्हणजे?"

"म्हणजे हे माझं कपाट. तुम्ही कोण?"

त्या बाईने चिमणीच्या कपाळाला हात लावला, ओले फडके आणले, आणि कपाटाबाहेर जमिनीवरच बसून राहिली. चिमणीने शाळेचे नाव सांगितले, बेकरी सांगितली. निरोप गेला. ताई धावत आल्या, कोपरापर्यंत मैदा लागलेला.

"माफ करा हो! पोरगी चुकून आली. ऊठ गं, चल. लोकांच्या घरात शिरतात का असं?"

"थांबा ना," ती बाई म्हणाली. "तुम्ही इथे राहत होता?"

"हिचा जन्म इथलाच."

"पण आम्हाला तर सांगितलं घर रिकामं आहे."

"रिकामंच होतं," ताई म्हणाल्या. "आम्ही करून दिलं होतं."

मग तिने हळूच विचारले, "आता कुठे असता?"

"भावाकडे. किती दिवस त्याची खोली अडवायची? परीक्षा झाली की शहरात जाणार. डेपोजवळ जागा मिळतेय. मुक्कामाची गाडी बंद होईल इथली, यांचा जीव आहे तिच्यावर. पण इलाज नाही."

"शहरात? आम्ही तर शहर सोडून..."

"हो ना," ताई दमलेल्या चेहऱ्याने हसल्या. "तुमची तिथली जागा मोकळी झालीच असेल की. तिथे आम्ही."

त्या संध्याकाळी ती माझ्यात बसली, पण फोन न घेता. बाहेर आली ती थेट नवऱ्यासमोर उभी राहिली. मागच्या दोन खोल्या त्या कुटुंबाला द्यायच्या, असे तिने एका दमात सांगून टाकले.

"आपण काय चोरी केलीय का?" तो म्हणाला. "नियमानं घर घेतलंय."

"चोरी कोण म्हणतंय? मागच्या खोल्यांत आपलं काय आहे ते सांग."

"सामान आहे."

"न उघडलेली खोकी आणि तुझी सायकल! सायकलीला स्वतंत्र खोली आहे रे आपल्या घरात."

"आणि माझ्या मीटिंगा? भांडी वाजतील, पोर रडेल. शांतता पाहिजे म्हणून आलो ना आपण इथे?"

"ती शांतता म्हणजे त्यांचं बोलणं बंद झालं, तीच आहे," ती म्हणाली.

तो चिडून सायकल घेऊन बाहेर पडला. दिवेलागणीला परत आला. थेट स्वयंपाकघरात गेला आणि तिथूनच म्हणाला, "सायकल इथे मावेल. ओट्याच्या बाजूला."

मालकीणबाई ऐकून म्हणाल्या, "मी काय राक्षसीण आहे का गं? मला सुचलं नाही एवढंच." कुणी किती भाडे द्यायचे ते तिघींनी बसून ठरवले. अडून बसल्या त्या ताई. "एकदा उंबरा ओलांडला तो ओलांडला. उपकाराच्या खोलीत मला झोप लागायची नाही." त्यांना तयार केले दादांनी. दारातूनच म्हणाले, "अगं, गाडी चालू ठेवून उभा आहे मी. बसतेस की सोडू?" ताईंना हसू फुटले. म्हणाल्या, "भाडं आमचं आम्ही देणार. आणि येणं-जाणं आमच्या मागच्या दारानं."

आता प्रश्न राहिला आडोशाचा. मधल्या खोलीतून मागे जायला रुंद, बिनदाराची वाट होती. ती बंद कशाने करायची? तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

माझा सुतार आला. केस पिकलेले, चष्मा जाड. माझ्यावर थाप मारून म्हणाला, "बघा, जागेवरच सापडलं की नाही!" त्याने माझी पाठ उघडली, आत मधोमध उभी फळी बसवली, आणि मागच्या बाजूलाही दोन दारे लावली. करवत चालली तेव्हा मी खूप काही गमावले, मित्रांनो. तो खोल कप्पा आता उरला नाही. आता त्यात ना गाडी निघते, ना कुणाला अंधारात डोळे मिटून बसता येते. शहरातल्या बाईची सगळी बोलणी उघड्यावर होतात. परवा कचेरीचे महत्त्वाचे काही चालू असताना माझ्यापलीकडून चिमणीचे पाढे ऐकू आले आणि साहेबांनी विचारले, "तुमच्याकडे शाळा भरते का?" ती म्हणाली, "हो सर. सातचा पाढा चाललाय, दोन मिनिटं थांबू या."

सुताराचे काम झाले तेव्हा माझ्या पायांखाली ओली फडकी घालून सगळ्यांनी मला सरकवले. हातभर असेल-नसेल, पण तो माझ्या आयुष्यातला सर्वांत लांबचा प्रवास. दादा एका बाजूने, त्या बाईचा नवरा दुसऱ्या बाजूने. "सावकाश, सावकाश," असे दोघे एकमेकांना सांगत होते. मी त्या वाटेवर आडवे उभे राहिले. आता मी दोन घरांचे कपाट आहे.

सगळे गोड झाले असे मी म्हणत नाही. गवंडी परत आला नाही. शिपायाच्या घरात आता जे राहतात, त्यांना तो कोण होता हे ठाऊक नाही. चिमणीला जागा अपुरी पडते, लॅपटॉपवाला कधीकधी आवाजाने वैतागतो, ताईंना भात शिजवायलाही अंग चोरावे लागते. एका कपाटाने गाव सावरत नाही.

तरी तुम्हाला एक मागणे आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल. कुठेतरी शांत, हिरव्या जागी घर बघायला जाल. तुम्ही जरूर जा. हवा सगळ्यांची आहे. नळाला पाणी आहे का, भिंतींना ओल आहे का, हे पाहून झाले की आणखी एक गोष्ट विचारा. इथे आधी कोण राहत होते, आणि ती माणसे आता कुठे आहेत? उत्तर मिळेपर्यंत किल्ली हातात घेऊ नका. भिंतींची, छपराची काळजी तर घ्यालच. ज्यांच्या हातांनी ते घर उबदार झाले, त्यांचीही घ्या.

रोज पहाटे दादा त्यांच्या बाजूचे दार अगदी अलगद उघडतात, श्वास रोखून शर्ट काढतात, कारण माझ्यापलीकडे शहरातली ती दोघे झोपलेली असतात. खरे तर ती बाई झोपलेली नसते. ती जागी होऊन पडून असते, आणि आपण उठलो हे दादांना कळू नये म्हणून कूसही बदलत नाही. मग लांबवर गाडीचा घरघराट सुरू होतो. गाडी निघते. तेव्हा कुठे ती कूस बदलते.